फुगलेलं दार

डोळे मिटा बघू. आता असं समजा, की तुम्ही साडेसहा वर्षांचे आहात आणि एका संडासात उभे आहात. जागा एवढीशी, की हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. पायांखाली ओली फरशी. कोपऱ्यात काठोकाठ भरलेली बादली, तिच्यात तरंगणारा लाल मग. वर, हात कधीच पोचणार नाही इतक्या उंचीवर, काचेच्या पट्ट्यांची खिडकी. दार तुम्हीच लावलंय, आणि आता ते उघडत नाही.

अजून थोडं. तुमचा उजवा हात, म्हणजे तुमचा हुशार हात, गोधडीच्या जाड मोज्यात आहे आणि मोज्याचा नाडा मनगटाशी गच्च बांधलाय. उरला डावा. तो तिसऱ्या हाकेला ‘ओ’ देतो, आणि दिली तरी मूठ उघडायची की नाही ते स्वतःच ठरवतो.

दिसलं? मग उघडा डोळे. त्या दाराच्या आत कस्तुरी होती आणि बाहेर मी. तो नाडा मी बांधला होता.

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. मी तेव्हा बासष्ट वर्षांची होते. इचलकरंजीच्या नगरपालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं पहिलीचा वर्ग घेऊन निवृत्त झाले होते आणि घरात मुलांचा आवाज नाही म्हणून कंटाळले होते. अशात ऋजुता माझ्याकडे आली. पुण्याची मुलगी, हातापायांच्या हालचाली शिकवण्याचं शिक्षण घेतलेली. गावातल्या एका बंद पडलेल्या प्रसूतिगृहाच्या दोन खोल्यांत ती मे महिन्यात पंधरा दिवसांचं शिबिर घेणार होती. मुलं पाचच. पाचही जणांना सेरेब्रल पाल्सी. जन्माच्या सुमाराला मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झालेली असते आणि त्यामुळे या मुलांच्या शरीराची एक बाजू नीट ऐकत नाही.

“बाई, या मुलांचा चांगला हात इतका हुशार होतो, की दुसऱ्याला कामच उरत नाही,” ऋजुता म्हणाली. “सगळं एका हाताने, नाहीतर दातांनी, गुडघ्यांनी. म्हणून पहिला आठवडा रोज तीन तास चांगल्या हाताला मोज्यात ठेवायचं आणि आळशाला जागं करायचं. दुसऱ्या आठवड्यात दोघांची जोडी लावायची. एकाने धरायचं, दुसऱ्याने करायचं.”

“आणि मी काय करायचं?”

“मुलांशी खेळायचं. पण हात पाठीमागे घेऊन. मुलाने मागितल्याशिवाय आपला हात पुढे यायचा नाही.”

हसू नका, पण चौतीस वर्षं मुलांच्या पेन्सिली धरलेल्या बाईला ते किती जड जातं ते मला त्या आठवड्यात कळलं. मोजे मीच शिवले, जुन्या गोधडीचे. प्रत्येकाला मांजराचे डोळे आणि काळ्या दोऱ्याच्या मिशा काढल्या. मुलं मोज्याला ‘मनी’ म्हणू लागली. मनी झोपली, की तिच्या आतला हातही झोपला, असा खेळ.

कस्तुरीची मनी मात्र झोपत नसे. मनगटावरची चिकटपट्टी ती दातांनी फर्रकन उघडायची आणि मोजा टेबलाखाली टाकून द्यायची. पहिल्या दिवशी चार वेळा. दुसऱ्या दिवशी मी मोजणं सोडलं.

“कस्तुरी, मनी कुठं गेली?”

“उंदीर खायला.”

“बोलाव तिला.”

“येत न्हाई म्हनली. तुमी बोलवा.”

जिभेला कसलाही अडथळा नव्हता पोरीच्या. डावा पाय किंचित ओढत चालायची आणि डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरायची, कुणाचं तरी पिल्लू सांभाळायला घेतल्यासारखा. त्या हाताविषयी विचारलं की म्हणायची, “ह्यो आमच्यात पावना हाय.”

तिची आई रंजना. नवरा यंत्रमागावर कामाला, आणि ती स्वतः पूर्वी घरी कांड्या भरायची, म्हणजे मागावरच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या. पूर्वी म्हणजे कस्तुरी बालवाडीत जाईपर्यंत. बालवाडीचं अख्खं वर्ष ती शाळेच्या पायरीवर बसून होती. सकाळी अकरा ते दुपारी तीन. पोरीला लघवीला लागली तर चड्डी खाली-वर कोण करणार?

“एका हातानं वडली की एका बाजूनं वर जाती, दुसऱ्या बाजूनं खाली ऱ्हाती,” तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “आता पैलीत घालायची तर मोठ्या बाई म्हनत्यात, तिचं तिला आलं पायजे. पोरांस्नी संडासला न्यायला आमच्याकडं दाई न्हाई. आणि आई काय रोज आत बसवून घेणार न्हाई.”

“मग?”

“मग काय. आमच्या सासूबाई म्हनत्यात, घरी बसवा. शिकून काय कलेक्टर हुनाराय?” रंजनाने पदराने घाम पुसला. “पंधरा जूनला शाळा उघडती, बाई. तवर तुमी कायतरी करा. न्हाईतर ती बी घरात आन मी बी घरात.”

ते माझ्या मनाला लागलं होतं. म्हणून सहाव्या दिवशी मी एक चूक केली.

माझे वडील हातमागाचे विणकर. तुटलेलं सूत जोडायची त्यांची एक गाठ होती. बारीक, चपटी, आणि कितीही ताण दिला तरी न सुटणारी. लहानपणी मी ती शिकले होते आणि मला तिचा फार अभिमान. त्या दिवशी सकाळी मी कस्तुरीच्या मोज्याची चिकटपट्टी उसवून टाकली, तिथे नाडा ओवला आणि मनगटाशी वडिलांची गाठ मारली. एकावर एक दोन.

“आता बोलव उंदीर,” मी म्हणाले.

कस्तुरीने गाठीला दात लावून पाहिले. मग मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, मी जिंकले.

साडेबाराच्या सुमाराला मुलं मणी ओवत बसली होती. ऋजुता दुसऱ्या खोलीत एका मुलाचा हात किती वळतो ते मोजून कागदावर लिहीत होती. माझ्यापुढे मुस्कान नावाची मुलगी पाचव्या मण्यापाशी अडली होती, आणि हात पाठीमागे ठेवून मी श्वास रोखून तिच्याकडे पाहत होते. मणी दोऱ्यात गेला. मी मान वर केली तर कस्तुरीची जागा रिकामी.

संडास व्हरांड्याच्या टोकाला होता. प्लायवूडचं दार, वर्षानुवर्षं पाणी पिऊन खालून फुगलेलं. बाहेरची मूठ कधीच निघून गेली होती, तिच्या जागी दोन भोकं. दारावर ऋजुताने लाल अक्षरांत कागद चिकटवला होता: ‘आतून बोल्ट लावू नये.’ बोल्ट काढायला सुताराला सांगितलं होतं. तो उद्या येतो म्हणाला होता. परवाही तेच म्हणाला होता.

मी दार ढकललं. हललं नाही.

“कस्तुरी? आत आहेस?”

“हाय.”

“दार उघड बाळा.”

मग खरखर, एक धक्का, पुन्हा खरखर.

“उगडत न्हाई.”

“दारावर लिहिलंय ना, बोल्ट लावायचा नाही म्हणून?”

“ते भाईर लिवलंय. आत कायबी लिवलेलं न्हाई.”

दुसरी वेळ असती तर मी हसले असते. तेवढ्यात मला मोजा आठवला. मुलाला संडासात नेण्याआधी मोजा काढायचा, हे ऋजुताने पहिल्या दिवशी बजावलं होतं. चिकटपट्टी असती तर कस्तुरीने तो एव्हाना दातांनी काढलाही असता.

मी हाक मारली. ऋजुता आली. पायरीवर बसलेली रंजनाही धावली.

“काय झालं? कस्तू? कस्तू गं!”

“आत अडकलीय. बोल्ट बसलाय,” ऋजुता म्हणाली. “कस्तुरी, मोजा काढ बरं आधी.”

“निगत न्हाई. बाईंनी गाठ मारलीया.”

ऋजुताने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. “विणकराची गाठ आहे,” मी म्हणाले. “कात्रीशिवाय सुटायची नाही.”

“बाई!” ती एवढंच म्हणाली. त्या एका शब्दात सगळं होतं.

रंजनाने दारावर थापा मारायला सुरुवात केली. “घाबरू नगंस हं! आई हाय हितं! पान्याजवळ जाऊ नगंस! मॅडम, आत भरलेली बादली हाय. तिला लहानपनी झटके यायचे हो, आता आला तर? मोडा ते दार!”

वॉचमन दगडूआप्पा आले. त्यांनी खांदा लावायची तयारी केली. ऋजुताने त्यांना अडवलं. “दार आत उघडतं आप्पा. आत दोन पावलांची जागा. दार मोडलं तर तिच्या अंगावर जाईल.”

“मग खिडकी?”

खिडकीतून मांजर गेलं असतं. दाराखाली फट उरली नव्हती, फुगलेलं लाकूड फरशीला टेकलं होतं. कात्री सोडा, कागदही गेला नसता. शेवटी आप्पा सायकलवर सुताराला आणायला गेले. सुतार राहायला गावाच्या दुसऱ्या टोकाला.

आम्ही तिघी दाराला चिकटलो. पलीकडच्या गल्लीत माग चालू होते. खटक-खटक, खटक-खटक, इचलकरंजीत हा आवाज कुणाला ऐकूही येत नाही. त्या दुपारी तो मला एकेक ठोका ऐकू येत होता.

“कस्तुरी, ऐक,” ऋजुता शांतपणे म्हणू लागली. “दार फुगलंय ना, म्हणून बोल्टवर ताण आलाय. एका हाताने दार बाहेर, म्हणजे आमच्याकडे दाब. दुसऱ्याने बोल्टचं बोंड धर आणि मागे ओढ. एकदमच. दाबायचं आणि ओढायचं.”

“उजव्यात मनी हाय.”

“मनीनेच दाब. डाव्याने ओढ.”

आतून दार हललं. दाबल्याचा आवाज आला. मग काही नाही.

“ओढलंस?”

“पावना धरत न्हाई.”

“पुन्हा कर.”

“त्यो दमलाय.”

“दमला नाही तो, आळशी झालाय. पुन्हा—”

“मॅडम, नका हो तिला रागावू!” रंजना रडकुंडीला आली. “कस्तू, रडू नगंस माझं लेकरू!”

“मी न्हाई रडत,” आतून आवाज आला. “तूच रडतीयास.”

पुन्हा खरखर. बोंडावरून बोटं घसरल्याचा बारीक आवाज मला ऐकू येत होता. एकदा, दोनदा, पाच वेळा. मी सांगत होते, अंगठा खाली घाल. ऋजुता सांगत होती, कोपर दाराला टेकव. रंजना सांगत होती, राहू दे, सुतार येतोय. तिघींचा कालवा. मग आत काहीतरी आपटलं, पाणी भसकन सांडलं, लाल मग कोपऱ्यात घरंगळला.

रंजनाने किंकाळी फोडली. “पडली! बाई, पडली ती!”

“कस्तुरी!”

उत्तर नाही.

“कस्तुरी, बोल काहीतरी!”

मी दाराला कान लावला. आत श्वास चालू होता, जोरजोरात, नाकाने. झटका आलेल्या मुलाचा श्वास कसा असतो ते मी एकदा वर्गात ऐकलं होतं. हा तसा नव्हता. हा रागावलेल्या माणसाचा होता.

“कस्तुरी,” मी हळू विचारलं, “पडलीस?”

“बादली पडली. मी न्हाई.”

“मग बोलत का नव्हतीस?”

मग दाराच्या अगदी जवळून, मी जिथे कान लावला होता तिथूनच, ती म्हणाली, “बाई, तुमी सगळी लांब जावा.”

“का गं?”

“जावा म्हनते न्हवं. लांब. पायरीपर्यंत.”

मी ऋजुताकडे पाहिलं. तिने मान हलवली: नाही, नाही. बरोबर होतं तिचं. मूल आत कोंडलेलं, पाणी सांडलेलं, आणि आपण दारापासून दूर जायचं? पण मुलाने मागितल्याशिवाय हात पुढे करायचा नाही, हे तिनेच शिकवलेलं. आणि इथे मूल सांगत होतं, की तुमचे आवाजसुद्धा नकोत.

“चल रंजना,” मी म्हणाले.

“मी न्हाई हलणार.”

“चल.”

“तुमची पोरगी असती आत तर गेला असता का, बाई?”

“माझ्या गाठीपायी ती आत अडकलीय,” मी म्हणाले. “तू मला नंतर काय हवं ते बोल. पण आत्ता चल. तिने सांगितलंय.”

मी तिचा दंड धरला. तिने तो झटकला. मग स्वतःच चालू लागली, दर दोन पावलांना मागे वळून बघत. ऋजुता आमच्या मागे आली. व्हरांडा अठरा पावलांचा आहे. मी मोजली. पायरीवर आम्ही तिघी शेजारी शेजारी बसलो, कुणी कुणाकडे न बघता. रंजनाने पदराचं टोक तोंडात कोंबलं होतं.

मी घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यामुळे किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. एवढं आठवतं, की खोलीतून मुस्कानने ओरडून सांगितलं, तिचे नऊ मणी झाले. कुणीच ‘शाबास’ म्हणालं नाही.

एकदा दार धडधडलं. रंजना उठली. मी तिला बसवलं नाही, पण ती आपणच बसली.

पुन्हा एकदा धडधडलं. मग लांबलचक कर्रर्र असा आवाज आला, गंजलेलं लोखंड रुळावरून सरकावं तसा, मध्येच थांबला, आणि पुन्हा कर्रर्र.

दार वीतभर आत गेलं.

फटीत कस्तुरी उभी होती. फ्रॉक ओलाचिंब, कपाळाला चिकटलेले केस, मनीच्या मिशांमधून पाणी गळतंय. डाव्या हाताची बोटं लालभडक, दोन बोटांची साल निघालेली. आणि तो हात छातीशी नव्हता. खाली, बोल्टवर होता. बोंड अजून धरूनच ठेवलं होतं तिने, सोडायला विसरल्यासारखं.

रंजना धावली. मी आणि ऋजुता मागून. रंजनाने दोन्ही हात पसरले, तोच कस्तुरीने ओली मनी उचलून तिच्या पोटाला लावली.

“थांब गं आये.”

“अगं लेकरा, ये की भाईर!”

“मला अजून शू करायचीया.”

मग रंजना म्हणाली, “अगं मग इतका येळ आत काय करत हुतीस?”

कस्तुरीने आमच्याकडे एकेक करून पाहिलं. शाळेत उशिरा आलेल्या मुलांकडे मी पाहायची तसं.

“तुमी सगळी दाराला कान लावून बसलासा,” ती म्हणाली. “कशी करू? शाळेत बी आई दारातच. घरी आज्जी दारातच. म्हनून तर बोल्ट लावला.”

रंजनाचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. वर्षभर ती शाळेच्या पायरीवर बसली होती ते कशासाठी, हे मला माहीत होतं. तिला काय वाटलं असेल ते मी विचारलं नाही, आणि आजही ते शब्दांत सांगायचा प्रयत्न करणार नाही.

मी खोलीतून कात्री आणली. “नाडा कापू?” मी विचारलं.

कस्तुरीने मनगट पुढे केलं. वडिलांची गाठ मी कापली. ओला मोजा फरशीवर पडला आणि आत सुरकुतलेली उजव्या हाताची बोटं उघडली, मिटली, उघडली.

“मी आत येऊ? चड्डीपुरती?” रंजनाने विचारलं. विचारलं तिने, हे मला अजून आठवतं.

“नगं.”

“बोल्ट तरी लावू नगंस गं. पुन्यांदा अडकशील.”

कस्तुरीने थोडा विचार केला. उजव्या हाताने बोंड पुढे-मागे हलवून पाहिलं. मग दार लोटून घेऊ लागली. फुगलेलं दार फरशीला घासत होतं, एका हाताला दाद देत नव्हतं. तेव्हा दाराच्या कडेवर डाव्या हाताची साल निघालेली बोटं आली, एकेक करून बसली, आणि दोन्ही हातांनी तिने ते दार आमच्या तोंडावर लावलं.

मग बोल्ट सरकला.

“लांब जावा,” ती आतून म्हणाली.